ताईनं जाळायला सांगितलेल्या वह्या: अधिकार नेमका कुणाचा?

धाकटी

माझी मोठी बहीण गेल्या वर्षी गेली. आजार लांबला होता, त्यामुळे निरवानिरव तिनं स्वतःच केली. बँकेची कागदपत्रं, दागिने, कुठली साडी कुणाला, सगळं सांगून झालं. कपाटाच्या खालच्या खणातल्या वह्यांबद्दल मात्र एवढंच म्हणाली, "माझ्यामागे कुणी वाचायच्या नाहीत. तू जाळून टाक." मी हो म्हटलं.

ताई न्यायालयात लघुलेखक होती. आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेलं उतरवून घेतलं, टाइप केलं, आणि खाली सही दुसऱ्याची. कुणाला घर मिळालं, कुणाचं गेलं, कुणाला जन्मठेप झाली, हे सगळं तिच्या बोटांतून गेलं. त्यातलं अक्षरही तिचं नव्हतं. घरीही तेच. आधी वडिलांचा शब्द, मग नवऱ्याचा, शेवटी डॉक्टरांचा. रद्दीत निघालेले पाठकोरे कागद मधोमध दोऱ्यानं शिवून ती वह्या करायची आणि घर झोपलं की लिहायला बसायची. कविता, आणि कवितांच्या मध्येच रोजच्या नोंदी. कधी वाचून दाखवलं नाही.

आता मला छळणारी गोष्ट. शेवटच्या दिवसांत तिनं त्यातली एक वही मागितली. हातात धरवेना, म्हणून मी पान समोर धरलं. एका कवितेच्या दुसऱ्या कडव्यातली शेवटची ओळ दाखवून म्हणाली, "ही खोटी आहे, काढ." मी खोडली. तिनं पूर्ण कविता पुन्हा वाचली, ओठ हलत होते, आणि म्हणाली, "आता झाली." जाळायचं ती त्याआधीही म्हणाली होती आणि त्यानंतरही म्हणाली.

जे राखच व्हायचं आहे त्यातली खोटी ओळ काढायला मरायला टेकलेल्या माणसानं उरलेली ताकद का खर्च करावी?

भाची म्हणते छापू या. भाऊजी म्हणतात, "आधी माझ्याकडे दे, मी वाचतो, मग ठरवू." किल्ली माझ्याकडे आहे. तिच्यावर आयुष्यभर कुणाची ना कुणाची सत्ता चालली, आणि आता ती मेल्यावर माझी चालणार, हे मला सहन होत नाही. जाळलं तरी मीच ठरवलं, ठेवलं तरी मीच. तुम्ही याकडे कसं बघाल?

दप्तरखाना

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो: कागद वाचवण्याकडे.

तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही पडला होता. रोमन कवी व्हर्जिल इ. स. पूर्व १९ मध्ये वारला तेव्हा त्याचं महाकाव्य पुरं झालं नव्हतं. त्यानं ते जाळायला सांगितलं. सम्राट ऑगस्टसनं ती इच्छा मोडली आणि कवीच्या मित्रांना फारसा बदल न करता ते प्रसिद्ध करायला लावलं. त्या काव्यात आजही कितीतरी ओळी अर्ध्यावर थांबलेल्या दिसतात. हे वाचवणं निरपेक्ष होतं असं मी म्हणणार नाही. रोमच्या सत्तेला देवांचा आशीर्वाद आहे, ऑगस्टसचं घराणं थेट देवकुळातलं आहे, असं सांगणारं काव्य होतं ते. राजाला ते हवं होतं. म्हणजे तुमच्या भाऊजींचा प्रश्न तिथंही होताच: वाचवणाऱ्याला काय हवं आहे?

दुसरं उदाहरण काफ्का या कादंबरीकाराचं, कारण ते तुमच्या अधिक जवळचं आहे. १९२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी क्षयानं गेला. मित्र मॅक्स ब्रॉडसाठी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, सगळं न वाचता जाळ. ब्रॉडनं जाळलं नाही, आणि पुढच्या वर्षीपासून एकेक कादंबरी छापायला काढली. त्याचं म्हणणं असं की मी हे करणार नाही, हे मी काफ्काला तोंडावर सांगितलं होतं. तरी त्यानं दुसऱ्या कुणाला नेमलं नाही. याच काफ्काच्या डोरा डायमंट या सोबतिणीनं त्याच्या सांगण्यावरून काही कागद त्याच्या डोळ्यांसमोर जाळले. काही तिनं स्वतःजवळ ठेवले, ते १९३३ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, धाड घालून नेले आणि अजून सापडलेले नाहीत.

म्हणून तुम्हाला एकच विचारतो. ताईंनी हे काम तुम्हालाच का सांगितलं? चालत्याफिरत्या होत्या तेव्हा स्वतः का नाही जाळल्या?

रात्रपाळी

मी नर्स आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसांच्या उशाशी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट बोलते. रागावू नका.

वरच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माणूस स्वतः का जाळत नाही? कारण जोवर श्वास आहे तोवर त्याला ते लागतं. पेशंटचा चष्मा मी बघते. डोळ्यांना दिसेनासं होतं तरी चष्मा उशाखाली हवा असतो. वह्या जाळल्या असत्या तर उरलेले दिवस ताईंनी कुणाच्या सोबतीनं काढले असते? यावरून "तिला मनातून वाचायलाच हवं होतं" असा अर्थ काढणं मला पटत नाही. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखल्याचा दावा करणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. बहुतेकांना जे हवं असतं तेच मेलेल्याच्या मनात सापडतं.

आजारपणात माणसाचं काय काय जातं हे घरच्यांनाही पुरतं कळत नाही. कधी उठायचं, कधी झोपायचं, काय गिळायचं, अंगावरचा कपडा कुणी सोडायचा, हे सगळं दुसरे ठरवतात. मीही ठरवते, माझं कामच ते आहे. अशा माणसाकडे शेवटी एकच गोष्ट उरते, सांगून ठेवणं. तेवढा एक हुकूम त्याचा स्वतःचा असतो. ताईंच्या तर साऱ्या आयुष्यात तेवढाच असावा असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

तुम्ही हो म्हणालात. जाळा.

भाऊजींना तर अजिबात देऊ नका. नोंदींत त्यांच्याबद्दल काय असेल हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच ते मागताहेत.

छिन्नी

रात्रपाळी यांच्याशी मी सहमत आहे, पण खोडलेल्या ओळीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही आणि माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच आहे.

मी दगडात काम करतो. इटलीचा शिल्पकार मायकेलअँजेलो फेब्रुवारी १५६४ मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. मरणाआधी त्यानं आपली ढीगभर रेखाटनं जाळली. वासारी या त्याच्या चरित्रकारानं कारण दिलं आहे: आपल्याला किती कष्ट पडले, किती चाचपडावं लागलं, हे कुणाला दिसू नये. आणि त्याच दिवसांत हाच म्हातारा एका पिएतावर, म्हणजे मेलेल्या येशूला धरलेल्या मेरीच्या शिल्पावर, छिन्नी चालवत होता, मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत. ते शिल्प आज मिलानमध्ये आहे. त्यासाठी कुणाची मागणी नव्हती, पोप वाट बघत नव्हता, पैसे यायचे नव्हते. आधी बरंच घडवून झालेलं होतं ते त्यानं फोडून काढलं आणि आईच्या अंगातूनच मुलाचं नवं शरीर कोरायला घेतलं. पहिल्या मूर्तीचा एक हात अजून बाजूला सुटा उभा आहे, कुठल्याच देहाला न जोडलेला.

जाळणारा आणि कोरणारा एकच माणूस, एकाच महिन्यात. यात विसंगती बाहेरून बघणाऱ्याला दिसते. हातात हत्यार असलेल्याला दिसत नाही. काम करताना "हे पुढे कोण बघणार" हा विचार असतो, नाही असं नाही, पण तो दाराबाहेर असतो. दाराच्या आत फक्त एवढंच असतं की ही कड खोटी आहे. खोटी कड दिसली की हात थांबत नाही. दगड उद्या नदीत जाणार असला तरी नाही थांबत. ताईंनी ओळ काढली ती वाचकासाठी नव्हे. ती ओळ खोटी होती आणि त्यांना ते दिसत होतं, बस. एवढ्या आजारात तेवढं दिसत होतं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सही दुसऱ्याची, असं तुम्ही लिहिलंत. "ही खोटी आहे, काढ" आणि "आता झाली" ही दोन वाक्यं नीट ऐका. हा निकाल आहे. यावर अपील नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल टाइप करणाऱ्या बाईनं स्वतःचा दिला आणि तो लिहून घ्यायला तुम्हाला बसवलं.

धाकटी

छिन्नी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला बराच वेळ काही सुचलं नाही. आभार.

दप्तरखाना, मलाच का, याचं उत्तर मी शोधते आहे. भाचीला सांगितलं असतं तर तिनं जाळल्या नसत्या. भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी वाचून मग जाळल्या असत्या. मी हिशेबनीस आहे. सांगितलेलं काम सांगितलं तसं करणारी, अशी आमच्या घरात माझी ओळख. तिनं माणूस बरोबर निवडला, असंच म्हणावं लागेल.

भाचीची बाजूही मांडते, कारण ती आईवर जीव टाकणारी मुलगी आहे आणि तिच्या म्हणण्यात लोभ नाही. ती बहिणाबाईंचं उदाहरण देते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्यावर मुलाला, सोपानदेवांना, ती वही अत्र्यांना दाखवावीशी वाटली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. "तेव्हा कुणी संकोच केला असता तर आपल्याकडे काय उरलं असतं मावशी?" असं ती विचारते. मी तिला म्हटलं, बहिणाबाई काम करता करता मोठ्यानं गायच्या, शेजारचं माणूस ऐकत असायचं. तुझी आई घर झोपल्यावर लिहायची. दोघींच्या आवाजात हा फरक आहे आणि तो त्यांनी स्वतः ठेवलेला आहे. तिला पटलं नाही. ती म्हणाली, आई मोठ्यानं गाऊ शकेल असं घर तिला मिळालंच नाही, मग तिच्या गप्प राहण्याला तिची इच्छा कसं म्हणायचं?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुनी पानं

भाचीनं विचारलेलं सगळ्यात कठीण आहे. भीतीपोटी आलेली इच्छा ही इच्छा धरायची का?

मी इतिहास शिकवते. भीतीनं जाळलेल्या कवितांचं सगळ्यात मोठं उदाहरण सोव्हिएत राजवटीतल्या आन्ना आख्मातोवा या रशियन कवयित्रीचं. पहिल्या नवऱ्याला १९२१ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या, मुलगा पुढे तुरुंगात. घरावर पाळत. ती नवी कविता कागदाच्या कपट्यावर लिहायची, समोर बसलेल्या मैत्रिणीला दाखवायची, मोठ्यानं भलतंसलतंच काहीतरी बोलत राहायची, कारण भिंतींना कान होते. मैत्रिणीची पाठ झाली की कपटा रक्षापात्रावर धरून जाळायची. या मैत्रिणींपैकी लिडिया चुकोव्स्कायानं ते लिहून ठेवलं आहे. त्या कविता तशाच काही डोक्यांमध्ये राहिल्या आणि १९६३ मध्ये परदेशात छापल्या गेल्या. तिच्या देशात छापायला १९८७ उजाडलं. तिथलाच कवी ओसिप मांडेलश्टाम १९३८ मध्ये कैद्यांच्या छावणीत मेला, त्याच्या कविता बायकोनं, नादेझ्दानं, पाठ करून जपल्या. इथे जाळणं म्हणजे नष्ट करणं नव्हतं. सत्तेच्या हाती फक्त राख लागावी आणि कविता मात्र उरावी, यासाठी ते जाळणं होतं.

तेव्हा बघायचं ते हे: जाळताना माणसानं मागे काही वाट ठेवली का? आख्मातोवानं ठेवली. तुमच्या ताईंनी ठेवली का, हे तुम्हीच सांगू शकता.

आणि एक तिसरा रस्ताही आहे, थांबण्याचा. चीनमधल्या सिमा च्यानला वडिलांनी मरताना सांगितलं होतं की मी सुरू केलेला इतिहास तू पुरा कर. हे इ. स. पूर्व ११० मधलं. पुढे एका हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राट वूचा कोप झाला. मृत्यू पत्करणं हा त्या काळी अब्रूचा मार्ग होता. त्यानं खच्चीकरणाची शिक्षा भोगली आणि जगला, कारण ग्रंथ अर्धा होता. हे त्यानं मित्राला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलं आहे. लिहून झाल्यावर ग्रंथ दडवून ठेवण्याची, पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळण्याची भाषा त्यानं केली. तो लोकांपुढे आला तो सम्राट वू मेल्यावर बऱ्याच काळानं, सिमा च्यानच्या मुलीच्या मुलाकडून. ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं तोवर गेलेली होती.

अवांतर: त्याच्याही आधी, इ. स. पूर्व २१३ मध्ये, चीनच्या पहिल्या सम्राटानं देशभरातली पुस्तकं जाळवली होती. त्या सम्राटाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या खच्ची केलेल्या इतिहासकारानं लिहिलं म्हणून माहीत आहे. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं नेहमी थोडा वेळ गप्प होतात.

वह्या मोहोरबंद करा, भाऊजी हयात असेपर्यंत उघडू नका. नंतर भाची बघेल.

दप्तरखाना

जुनी पानं यांना पूर्ण पाठिंबा. आणखी एक व्यवहार्य सुचवणी. कविता आणि नोंदी पानाकडे लांबून बघितल्या तरी वेगळ्या ओळखू येतात, ओळींची लांबी सांगते. शब्द न वाचता पानं वेगळी करता येतील. नोंदी जाळा, कविता ठेवा. ताईंचं खाजगी आयुष्य ताईंबरोबर गेलं आणि काम उरलं, असं होईल.

रात्रपाळी

थांबणं म्हणजेही न जाळणंच आहे. तुम्ही उद्या गेलात तर किल्ली कुणाकडे जाईल? तिनं तुम्हाला सांगितलं, तुमच्या वारसांना नाही.

आणि कविता ठेवा, नोंदी जाळा हे ठरवणारे आपण कोण? कदाचित तिच्या लेखी उलटंही असेल.

धाकटी

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. आता माझं सांगते.

पानं वेगळी करणार नाही. तिनं ती स्वतःच्या हातानं एकत्र शिवली आहेत. तिच्यासाठी कविता एकीकडे आणि दिवस दुसरीकडे असं नव्हतं, रात्री दोन्ही एकाच वहीत उतरायचं. मी उसवून निवडायला बसले तर ती संपादिका मी झाले, आणि तिचं लिहिणं माझ्या पसंतीचं झालं.

थांबण्याचा रस्ता मला मोहात पाडतो. पण जुनी पानं, सिमा च्यानला ग्रंथ लोकांपर्यंत पोचायला हवा होता. त्यानं तसं लिहून ठेवलं, आणि त्यासाठी मरणाहून कठीण जगणं पत्करलं. आख्मातोवानं मैत्रिणीला समोर बसवलं. ताईनं मागे ठेवलेली वाट कोणती, हे तुम्ही विचारलंत. मी खूप आठवलं. एकच आहे: ती एक कविता, जिचं पान तिनं मला धरायला लावलं. दुसऱ्या कुठल्याही वहीला तिनं मला हात लावू दिला नाही. ती कविता मी वाचली, तिच्यासमोर, तिला ठाऊक असताना. ती मला पाठ आहे. तेवढं तिनं दिलं. बाकीचं तिनं दिलेलं नाही, आणि न दिलेलं घ्यायचा हक्क केवळ ती गेली म्हणून माझ्याकडे येत नाही.

भाचीच्या प्रश्नाला उत्तर अजूनही नाही. घर वेगळं असतं तर ताई मोठ्यानं गायली असती, हे खरं असू शकेल. पण ती बाई जगलीच नाही. जी जगली तिनं मला सांगितलं आहे. न जगलेल्या ताईचं ऐकण्यासाठी जगलेल्या ताईचं मोडायचं, हे मला जमणार नाही.

मी जाळणार आहे.

भाऊजींना काल सांगितलं. बरंच बोलले, "माझ्या बायकोच्या वह्या" हे शब्द त्यात अनेकदा आले. मी ऐकून घेतलं आणि किल्ली दिली नाही. भाची रडली, मग म्हणाली की ती कविता तरी मला म्हणून दाखव. अजून दाखवलेली नाही. ताईनं ती माझ्यापुरतीच दिली की माझ्याकडून पुढे जावी म्हणून दिली, एवढं एक मला अजून ठरवता आलेलं नाही. पण यात निदान ठरवण्याचा भार तिनंच माझ्यावर टाकला आहे असं वाटतं.

छिन्नी

भाचीला म्हणून दाखवा. "आता झाली" हे काम संपल्यावर, हातातून खाली ठेवताना म्हणायचे शब्द आहेत. खाली ठेवलेलं उचलायला हरकत नसते.

दप्तरखाना

मी असतो तर जाळलं नसतं, आणि हे मी शेवटपर्यंत म्हणेन. पण तुमचा निर्णय वाचल्यावर तुम्हाला अडवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

एक मात्र माझ्या कामातल्या माहितीवरून सांगतो. घट्ट शिवलेली वही तशीच आगीत टाकू नका. कागद दाबून बसलेला असला की आत हवा पोचत नाही; कडा काळ्या पडतात आणि मधली पानं वाचता येतील अशी शिल्लक राहतात. जळिताचे कागद आमच्याकडे येतात तेव्हा असंच पुष्कळ हाती लागतं. शिवण कापून पानं सुटी करा, थोडी थोडी टाका, आणि राख विझल्यावर काठीनं मोडून बघा. एकटीनं करायला वेळ लागेल. भाचीला विचारून ठेवा, तिला यायचं आहे का.